नडगीत रॉड आहे, साडेचार महिने झाले : स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं की पाय टेकवावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात असा : मोठा भाऊ, वय ३४, केजजवळ मोटारसायकलवरून पडला. नडगीचं हाड मधोमध मोडलं, कातडी फाटली नव्हती, दुसऱ्या दिवशी रॉड टाकला. सर्जननी दीड महिन्यानंतर पाय टेकवून वजन द्यायला सांगितलं. पण घरच्यांचं, त्यातही आईंचं म्हणणं, "हलवलं की जोड सुटतो." म्हणून साडेचार महिने झाले तरी तो दोन कुबड्यांवर आहे आणि पाय अधांतरी. एक्स-रेत मोडीभोवती ढगासारखं काही दिसतं, पण मधली रेघ जात नाही. आता कुणीतरी स्टेम सेलचं, म्हणजे बाहेरून कोवळ्या पेशी घालायचं, इंजेक्शन सुचवलंय आणि यंदाची सोयाबीनची सगळी पट्टी त्यात जाणार आहे. तुम्ही विचारता, घ्यावं का?

मी लातुरात २३ वर्षं हाडांची ऑपरेशनं करतो. बीड, धाराशिव, परभणीकडून येणाऱ्या रुग्णांत नडगीचं हाड सगळ्यात जास्त त्रास देतं, कारण पुढच्या बाजूला त्यावर मांसाचं पांघरूणच नसतं. तुमच्या भावाचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याचं नक्की काय करायचं हे मी इथून ठरवू शकत नाही. पण तुमचा प्रश्न मला थोडा फिरवावासा वाटतो. बाहेरून पेशी घालाव्यात का, हे नंतरचं. हाड जुळवणाऱ्या पेशी त्याच्या पायात आधीपासून आहेत, मग त्या काम पुरं का करत नाहीत, हे आधी पाहू.

या पेशी असतात कुठे? मटणाची नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर एक चिवट पांढरा पापुद्रा असतो, जो दातांनी ओढून काढावा लागतो. माणसाच्या हाडावरही तसाच पापुद्रा असतो. हाड मोडलं की जोड भरायला सगळ्यात आधी तोच धावतो. दुसरी जागा म्हणजे नळीच्या आतला मगज. मगजातल्या काही पेशींपासून हाड तयार होतं हे मॉस्कोतल्या अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६०च्या दशकात दाखवायला सुरुवात केली. या कोवळ्या पेशींचं अजून काही ठरलेलं नसतं. त्यांच्यापासून हाड होऊ शकतं, नाकाच्या शेंड्यात असते तशी लवचीक कुर्चा होऊ शकते, नुसता तंतूंचा चिवट गोळाही होऊ शकतो. यातलं काय व्हायचं ते रक्तपुरवठा, रसायनं, प्राणवायू यांच्यावर ठरतंच, पण फार मोठ्या प्रमाणात त्यांना मिळणाऱ्या ताण-दाबावर ठरतं. मी शिकत होतो तेव्हा या शेवटच्या गोष्टीकडे आम्हीही पुरेसं लक्ष देत नव्हतो.

पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, मग तिला ताण कळतो कसा? पाऊस पडल्यावर काळ्या रानात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो आणि मुरमाड माळावर टाकला की ठाम बसतो. शेतकऱ्याला खाली न बघता जमीन कळते. पेशीही तसंच करते. ती आपल्या पायांसारख्या टोकांनी आजूबाजूचा तंतू धरते, ओढते आणि तो किती मागे येतो त्यावरून जमीन मऊ की घट्ट ते ओळखते. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मगजातल्या या पेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर वाढवल्या. पेशींना मिळणारं खाद्य तेच ठेवलं. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या मज्जापेशींसारख्या फाटे फुटलेल्या दिसू लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूकडे वळल्या आणि त्याहून घट्ट, म्हणजे २५ ते ४० किलोपास्कलच्या (हे घट्टपणाचं माप) जेलवर हाडाकडे. हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत याप नावाचा एक प्रथिन-रेणू नेतो, हे २०११ मध्ये कळलं. पेशी ताणून पसरली की तो केंद्रकात शिरतो, आखडली की बाहेर राहतो. पेशीच्या कातडीत पिएझो नावाची दारंही असतात. दाब आला की ती उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. ती शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. हाडाच्या पेशी भार ओळखतात त्यातही या दारांचा वाटा आहे.

आता तुमच्या घरच्यांच्या भीतीकडे येतो. "हलवलं की जोड सुटतो" हे सपशेल चूक नाही. ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठलं ते समजून घ्यायला हवं.

दावोसच्या प्रयोगशाळेतले स्विस सर्जन स्टीफन पेरेन यांनी या गोष्टीला आकडे दिले. मोडीच्या दोन टोकांमध्ये एक फट असते. वजन पडल्यावर ती फट स्वतःच्या रुंदीच्या किती टक्के हलते, ते मोजायचं. पक्कं हाड साधारण २ टक्क्यांपर्यंतच ताण सोसतं, त्यापुढे ते तडकतं. कुर्चा साधारण १० टक्के सोसते. आणि अगदी सुरुवातीला फटीत जी लालसर, मऊ, रक्ताळ उती भरते ती १०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट ताणली तरी टिकते. जी उती तिथला ताण सोसू शकत नाही ती तिथे तयारच होत नाही. म्हणून शरीर पायऱ्यांनी जातं. आधी मऊ उती भरतं, तिने हालचाल थोडी आवरली की कुर्चा, कुर्चेने आणखी आवरली की हाड. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी जागा शांत करून देते.

यात एक हिशोब आहे, तो नीट बघा. फट १ मिलिमीटरची आहे आणि ती ०.१ मिलिमीटर हलते, तर ताण १० टक्के झाला. फट ५ मिलिमीटरची असेल आणि तीही ०.१ मिलिमीटरच हलली, तर ताण फक्त २ टक्के. म्हणूनच दहा तुकडे झालेलं हाड रॉडवर कधीकधी छान भरून येतं, आणि एकच सरळ मोड असलेलं हाड, थोडी फट ठेवून अर्धवट घट्ट प्लेट लावली की, रुसून बसतं. नवीन सर्जनना हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

मग हालचालच नको, असं का नाही? कारण अजिबात ताण मिळाला नाही तर पापुद्र्यातल्या पेशींना जोडाभोवती गाठ, म्हणजे आम्ही ज्याला कॅलस म्हणतो ती, बांधायचं कारणच मिळत नाही. १९८५ मध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी मेंढ्यांवर एक प्रयोग केला. नडगीत ३ मिलिमीटरची फट, बाहेरून पक्का सांगाडा. एका गटात फट पूर्ण स्थिर ठेवली. दुसऱ्यात यंत्राने रोज फक्त १७ मिनिटं, लांबीच्या दिशेने १ मिलिमीटर, हळू हळू दाबली-सोडली. हलवलेली हाडं आधी आणि जास्त मजबूत जुळली. तुम्ही म्हणाल, ३ मध्ये १ म्हणजे ३३ टक्के, मग १० टक्क्यांचं काय झालं? ही हालचाल सुरू झाली तेव्हा फटीत मऊ उती होती, ती तेवढं सोसते. आणि गाठ घट्ट होत गेली तशी फट आपोआप कमी दबू लागली. ताण देताना काळही पाहावा लागतो, तो असा. पुढच्या प्रयोगांत हीच हालचाल २ मिलिमीटरवर नेली तेव्हा फायद्याचा तोटा झाला. औषधाच्या डोसासारखंच हे आहे.

दिशाही महत्त्वाची. लांबीच्या दिशेने दाब, म्हणजे सरळ उभं राहिल्यावर येतो तो, या पेशींना मानवतो. दोन टोकं एकमेकांवर आडवी घासली किंवा पिळली गेली की नव्या केशवाहिन्या फाटतात. रक्त न पोचलेल्या जागी पेशी हाड बनवत नाहीत, तंतू बनवत बसतात. म्हणून मी रुग्णाला सरळ उभं राहायला आनंदाने सांगतो, पण पाय रोवून कंबर वळवायला, मोडलेल्या पायावर गिरकी घ्यायला सुरुवातीला मना करतो. मोडीच्या जागी तेल लावून चोळणं तर नकोच. आपल्याकडे ते सर्रास चालतं. लहान मुलांच्या कोपराला मार लागल्यावर जोराने चोळलं तर स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडतो, अशी पोरं मी दरवर्षी पाहतो. तिथेही त्याच पेशी असतात, त्यांना चुकीचा ताण मिळालेला असतो.

ताण किती अचूक मोजून देता येतो हे मला एका ऊसतोड कामगाराने दाखवलं. वडवणीकडचा, नडगीचा तीन सेंटिमीटरचा तुकडा अपघातात गेलेला. त्याच्या पायाला आम्ही कड्यांचा सांगाडा बसवला. ही पद्धत सैबेरियातल्या कुर्गानच्या गावरिल इलिझारोव यांनी १९५०च्या दशकात बसवली. चांगल्या भागात हाड अलगद कापायचं, आठवडाभर थांबायचं आणि मग दोन्ही टोकं दिवसाला १ मिलिमीटर दूर न्यायची. तेही एका दमात नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. नटाचा आटा १ मिलिमीटरचा असतो, म्हणून प्रत्येक वेळी पाव फेरा. त्याला घड्याळाची सवय नव्हती. त्याच्या बायकोने नटाच्या एका कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि वेळा ठरवल्या : सकाळचा चहा, दुपारची भाकर, दिवेलागण, झोपताना. एकही फेरा चुकला नाही. महिन्याभराने एक्स-रे धरला तेव्हा फटीत पांढरे बारीक धागे दिसत होते, सगळे ओढीच्या दिशेने एका रांगेत, पिंजलेल्या कापसातून सूत निघावं तसे. फिल्म खिडकीशी धरून तो म्हणाला, "साहेब, हाड उगवायलंय की!" त्याच्या पायात बाहेरून एकही पेशी घातली नव्हती. दिवसाला २ मिलिमीटर ओढलं असतं तर तिथे तंतू झाला असता, अर्धा मिलिमीटर ओढलं असतं तर हाड वेळेआधीच जुळून बसलं असतं.

आता तुमचा भाऊ. साडेचार महिन्यांत रेघ दिसते म्हणून हाड जुळणारच नाही असं म्हणता येत नाही. नडगीला रॉडवर चार ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. न जुळलेलं हाड हे नाव आम्ही साधारणपणे नऊ महिने झाल्यावर आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच पुढे सरकत नसेल तेव्हा देतो.

तुम्ही लिहिलंय की मोडीभोवती ढग, म्हणजे वर सांगितलेली गाठच, दिसतो. हे मला फार मोलाचं वाटतं. न जुळणारी हाडं ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात. एकात टोकांभोवती भरपूर गाठ येते, एक्स-रेत हत्तीच्या पायासारखी फुगलेली दिसते, पण मधली रेघ जात नाही. तिथे पेशी भरपूर आहेत, रक्त आहे, त्या मेहनतही करतायत. फक्त ताण त्यांच्या सोसण्याच्या पलीकडे आहे. तिथे जाड रॉड टाकून किंवा प्लेट जोडून हालचाल आवरली की हाड भरतं, बहुतेक वेळा बाहेरून हाडही घालावं लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत टोकं सुकलेल्या काडीसारखी निमुळती होतात, ढग नावाला नसतो. तिथे रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, तंबाखू, मधुमेह यांचा शोध घ्यावा लागतो आणि कमरेच्या हाडातून कलम घ्यावं लागतं. त्या कलमात पेशीही येतात आणि त्यांना पाय रोवायला जमीनही. या दोन्हींच्या मधे तिसरी एक स्थिती असते आणि तुमच्या वर्णनावरून मला तिचीच शंका येते : पेशी आहेत, रॉड घट्ट आहे, थोडा ढगही आलाय, पण साडेचार महिने वजनच न मिळाल्यामुळे काम रेंगाळलंय. वापर थांबला की हाडातल्या जुन्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, आणि ते नव्या हाडाला ब्रेक लावतं. अंतराळात वजनच नसतं, तिथे अंतराळवीरांच्या कमरेचं हाड महिन्याला सुमारे १ ते दीड टक्का झिजतं. खाटेवरचा पाय त्याच वाटेने जातो.

यात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. रॉडचे वरचे-खालचे स्क्रू दोन्हीकडे अडकवलेले असतील, शेजारचं बारीक हाड आधीच जुळलं असेल आणि मोठ्या हाडात फट राहिली असेल, तर उभं राहूनही टोकांवर दाब येत नाही. बारीक हाड खांबासारखं भार अडवून धरतं. अशा वेळी एक स्क्रू काढून रॉडला थोडं सरकू देतात, किंवा बारीक हाडाचा छोटा तुकडा काढतात, म्हणजे चालताना टोकं एकमेकांवर दाबली जातात. तो निर्णय एक्स-रे बघूनच होतो. जागेवर ऊब, पाणी येणं, रात्रीची कळ, ताप यातलं काही असेल तर चालण्याचं विसरून आधी संसर्गाच्या तपासण्या करा. स्क्रू तुटला असेल तरी आधी सर्जन.

इंजेक्शनबद्दल आता सरळ सांगतो : तुमच्या भावाला मी ते देणार नाही, आणि सोयाबीनचे पैसे त्यात घालू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हाड जुळवण्यासाठी स्टेम सेल हा आपल्या देशात अजून प्रयोगाचाच भाग आहे. तो मंजूर झालेल्या चाचणीतच, रुग्णाकडून पैसे न घेता द्यायचा असतो. कुणी त्याचं बिल फाडत असेल तर तिथेच थांबा. याचा अर्थ पेशींना महत्त्व नाही असं मुळीच नाही. कमरेच्या हाडातला मगज घट्ट करून न जुळलेल्या नडगीत सोडण्याचं काम फ्रान्समध्ये गांभीर्याने झालंय आणि त्यात दिसलं की किती पेशी पोचतात यावर निकाल अवलंबून असतो. निवडलेल्या, सुकलेल्या जोडांसाठी मला त्यात आशा वाटते. पण टोकं हलत असतील किंवा त्यांना भारच मिळत नसेल, तर नव्या पेशीही जुन्यांसारख्याच गोंधळतील. जमीन तीच, मग बियाणं बदलून काय होणार?

सर्जननी परत पाहून हरकत नाही म्हटलं, तर भार कसा वाढवायचा ते सांगतो. एकदम कुबड्या फेकू नका. आमच्याकडे वजनकाटा ठेवलाय, पण आडतीवरचा पोत्यांचा काटाही चालतो. तुमच्याच भागातला एक रुग्ण तोच वापरायचा. मोडलेला पाय काट्यावर, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या विटेवर, हात कुबड्यांवर. काटा २० किलो दाखवेल इतकं दाबायचं, डोळे मिटायचे, आणि तेवढं वजन पायाला कसं लागतं ते लक्षात ठेवायचं. मग तसंच चालायचं. दर आठवड्याला साधारण दहा-दहा किलो वाढवायचं, दुखणं पाहून. चालताना थोडं दुखलं आणि बसल्यावर तासाभरात थांबलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढून दुखतच राहिलं तर एक पायरी मागे या. आणि एकदाच तासभर चालण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं चाला. हाडाच्या पेशी थोड्या आवर्तनांनंतर सुस्तावतात आणि विश्रांतीनंतर परत जाग्या होतात. उंदरांच्या एका प्रयोगात दिवसाला फक्त ५ उड्यांनीही हाड जाड झालं, जास्त उड्यांनी फारसा फायदा वाढला नाही. तो प्रयोग धड हाडावरचा आहे, मोडलेल्यावरचा नाही. पण अशा थोड्या-थोड्या चालण्याने रुग्णांचं दुखणं कमी राहतं हे मी रोज पाहतो. उकिडवं बसणं आणि मांडी यांची घाई करू नका. शौचासाठी खुर्ची वापरा.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. गाय छापची पुडी असो, गुटखा असो की घरातल्या बायकांची मिसरी, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि जोडात शिरणाऱ्या नव्या केशवाहिन्यांना तेच सगळ्यात आधी नडतं. भाऊ खात असेल तर आजच बंद करा. यावर मी रुग्णाशी भांडतो, तुम्हीही भांडा.

आईंना समजवायचं असेल तर त्यांना सोबत सर्जनकडे न्या आणि काट्यावरचे २० किलो त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवा. रॉड वाकत नाही हे त्यांनी एकदा पाहिलं की घरातला विरोध बराच मावळतो.

सहा आठवडे असं चालल्यावर पुढून आणि बाजूने, त्याच अंतरावरून, दोन नवे एक्स-रे काढा आणि आजचे दोन शेजारी लावा. पुढच्या फिल्ममध्ये हाडाच्या डाव्या-उजव्या दोन कडा दिसतात, बाजूच्या फिल्ममध्ये पुढची आणि मागची. अशा चारपैकी तीन कडांवर ढग रेघ ओलांडून पलीकडे पोचला असेल तर हाड जुळलं म्हणतात. एखादीच कड ओलांडलेली असेल पण आजपेक्षा पुढे गेलेली असेल, तर आणखी सहा आठवडे तेच करा. आणि चारही कडा आजच्यासारख्याच असतील, तर ते चारही फोटो घेऊन सर्जनना विचारा की रॉडचा एक स्क्रू काढायची वेळ झाली का.